प्रॅक्टिकल व्हा हो जरा

पोराचं लग्न जमवताय आणि हुंडा घेणार नाही म्हणून गावभर सांगत सुटलाय? सांगा की, सांगायला कोण नाही म्हणतंय, पण घ्यायचं कशाला सोडता? प्रॅक्टिकल माणूस तोंडानं कधीच काही मागत नाही. फक्त म्हणायचं, आम्हाला काय नको, देवाच्या दयेनं सगळं आहे, तुम्ही तुमच्या मुलीच्या अंगावर काय घालायचं ते घाला, आणि मग पोह्यांच्या प्लेटीकडं बघत गप्प बसायचं. पुढचं मामा बघतात. थोरल्या सुनेच्या वेळी पंधरा तोळे आले होते हे मामांच्या तोंडून असं सहज निघतं की समोरच्यानं स्वतःच सोळा म्हणावं. आणि ते म्हणाले की तुम्ही लगेच "अहो कशाला, कशाला!" म्हणायला विसरू नका, मागनं हॉलचा खर्चपण त्यांच्याकडंच जातो.

१९६१ चा हुंडाबंदी कायदा आहे, माहितीय. घेणाऱ्याला शिक्षा तशी देणाऱ्यालाही, किमान ५ वर्षं. उलट बरंच की! आपणही आत जाऊ या भीतीनं मुलीचा बाप पोलीस स्टेशनच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही. बैठकीत देण्याघेण्याची याद लिहितात ना, सह्याबिह्या करून, असला करार कायद्यानं रद्दबातल आहे, पण चार पाहुण्यांसमोर झालेला कागद कोर्टाच्या ऑर्डरपेक्षा पक्का, उधारी असली तर पोरगी माहेरी बसते म्हणून पक्का. नियम म्हणतो लग्नातल्या भेटींची यादी करून सह्या घेऊन जपून ठेवा. ती मात्र कुणी करत नाही, एवढं कागदपत्र कोण सांभाळणार!

हां, ११ एप्रिलला स्टेटसला महात्मा फुल्यांचा फोटो ठेवायचा, ते चुकवू नका. १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय, कमी खर्चात लग्न लावून दाखवलं. थोर माणूस. पण त्या काळी सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं होतं का? मग.

मुलीच्या बापानं एकर विकलं तर वाईट वाटून घेऊ नका, त्यालापण पोरगा आहेच की, तो करेल वसूल.

बरं ते जाऊद्या, तुमच्या धाकटीचं शिक्षण संपलं ना यंदा? आमच्या पाहुण्यांत एक मुलगा आहे, पर्मनंट आहे, आणि माणसं एकदम साधी हो, काहीच अपेक्षा नाही त्यांची.