डिझेल फिल्टर धुऊन परत बसवू नका

जुन्या डिझेल गाड्या वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "बीएस-६ डिझेल इतकं स्वच्छ आहे की आता फिल्टर बदलायची गरज नाही. गॅरेजवाले उगाच बिल वाढवतात. फिल्टर काढा, पेट्रोलने धुवा, हवा मारा आणि परत बसवा. गाडी मिसिंग करायला (अडखळायला) लागेपर्यंत काही होत नाही. डॅशबोर्डवरचा पाण्याचा (फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा) दिवा लागला तर सेन्सर खराब समजा." माझी १.३ लिटरची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी) गाडी २०११ सालची आहे, दोन लाख किलोमीटर झाले, आणि तिच्या फिल्टरचं काम मी स्वतः करतो. हा मेसेज मला मेहुण्याने पाठवला. पाठवला तेव्हा त्याच्या गाडीचा फिल्टर पेट्रोलच्या डब्यात बुडवून ठेवलेला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, स्वच्छ डिझेल. बीएस-६ इंधन देशभर १ एप्रिल २०२० पासून आलं. त्यात 'स्वच्छ' झालं ते गंधकाच्या बाबतीत: बीएस-३ मध्ये ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५० भाग), बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये १०. हा फायदा धुराचा आणि हवेचा आहे. धूळ, गंज आणि पाणी यांचा गंधकाशी संबंध नाही. रिफायनरीतून निघालेलं डिझेल टँकरमधून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून तुमच्या टाकीत, आणि तुमची टाकी पंधरा वर्षांची आहे. तिच्या तळाशी साचलेला गाळ बीएस-६ ने विरघळत नाही. डिझेलच्या मानकातसुद्धा किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. ४५ लिटरची टाकी धरली तर सुमारे ३७ किलो डिझेल, म्हणजे सात ग्रॅमच्या वर, चहाचा दीड चमचा पाणी. ते सगळं वेगळं होऊन तळाला बसतं असं नाही, पण दर टाकीमागे थोडं थोडं बसलं तरी पुरे.

"जुनी गाडी आहे, तिला एवढे नखरे नाहीत," असंही कोणी म्हणतं. उलट आहे. जुन्या गाड्यांतल्या, इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या रोटरी पंपाचे आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात, वेगळं ऑइल नसतं. कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपाचंही बहुतेक गाड्यांत तेच. प्लंजर (पंपातला दांडा) आणि त्याच्या घरातली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉन असते, माणसाचा केस सत्तरच्या आसपास. माझ्या गाडीच्या रेलमध्ये १४०० बारपर्यंत दाब जातो, टायरमधल्या हवेच्या सहाशेहून जास्त पट. एवढ्या दाबाखाली डोळ्याला न दिसणारा कणही धातूवर ओरखडे काढतो.

आता धुण्याबद्दल, कारण मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. फिल्टरमधला कागद घड्या घातलेला असतो आणि घाण त्याच्या पृष्ठभागावरच नाही, तंतूंच्या आतही अडकते. पेट्रोलने वरवरची काळपट निघते, आतली नाही. कॉम्प्रेसरची हवा मारली की कागद घडीवर फाटतो किंवा चिकटवलेल्या कडेला सुटतो. ती फट बाहेरून दिसत नाही. उलट्या बाजूने हवा मारताना आतल्या, म्हणजे पंपाकडच्या स्वच्छ बाजूला धूळ गेली, तर पुढे तिला अडवायला काहीच नसतं. तुंबलेल्या फिल्टरने गाडी बंद पडते, एवढंच. फाटलेल्या फिल्टरवर गाडी छान पळते आणि आत पंप झिजत राहतो. एअर फिल्टरला हवा मारायची सवय असल्यामुळे लोक हे करतात, पण तो वेगळा प्रकार आहे.

मिसिंगची वाट पाहण्याबद्दल फार लिहायला नको. सपाट रस्त्यावर अर्धा तुंबलेला फिल्टर कळतच नाही. खंबाटकीच्या चढाला चार माणसं आणि सामान घेऊन निघालात की गाडी ओढत नाही, मग इंजिनचा दिवा लागून पिकअप जातो. मागे ट्रक असताना हे व्हायला नको. मॅन्युअलमध्ये दिलेलं किलोमीटर पाळा. गाडी कमी चालत असेल तर किलोमीटर पुरे व्हायची वाट न पाहता वर्षावर लक्ष ठेवा.

पाण्याचा दिवा. सेन्सर कधी कधी खोटं बोलतो, हे खरं. पण ते ठरवायचं पाणी काढून बघितल्यावर. इंजिन बंद करा, फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा, खाली काचेची बरणी धरा. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे दोन मिनिटांत तळाला वेगळा थर दिसतो. खाली काहीच न आल्यास वरचा एअर स्क्रू थोडा सैल करा किंवा प्राइमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) दाबा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडाभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात, काळा बुळबुळीत थर होतो. एका जुलैत माझ्या बरणीत असाच थर आला, वास आंबट. त्या दिवसापासून जून ते ऑक्टोबर दर महिन्याला पाणी काढतो. गाडीला दिवाच नसेल तर हे अधिकच करा.

मेसेजमधलं एक म्हणणं मात्र मी नाकारत नाही: काही ठिकाणी फिल्टर न बदलताच बिलात लावतात. त्यावर उपाय म्हणजे जुना फिल्टर मागून घेणं. कापून उघडा, कागद काळा आणि चिकट दिसेल.

स्वतः बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलने मधल्या भोकातून भरू नका, ती स्वच्छ बाजू आहे. रिकामाच बसवा, प्राइमर कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून काही सेकंद थांबा, तीन-चार वेळा. मगच सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नाही.

मेहुण्याचा धुतलेला फिल्टर आम्ही कापून पाहिला. कागदाची एक घडी तळापासून वरपर्यंत सुटली होती. नवा आणला, बसवला, प्राइमर दाबून हात दुखले. तिसऱ्या सेल्फला गाडी लागली.