‘कार्ड मागितलं तर प्रोसेसर गळ्यात मारतात’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलात, डबा समोर काचेत दिसत होता, तरी आम्ही तो दिला नाही. उलट २०२२ सालचा ‘शिळा’ प्रोसेसर आणि नवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) गळ्यात मारायला बघितला, आणि वर प्रश्न विचारून विचारून शाळा घेतली. म्हणून एक स्टार.

स्टार तुम्ही हवे तेवढे द्या, तो तुमचा हक्क. पण कार्ड दिलं नाही, हे खरं नाही. ‘न्यायचं असेल तर आत्ता बिल करतो, मात्र या एसएमपीएसवर आम्ही ते जोडून देणार नाही,’ असं काउंटरवर सांगितलं होतं. विकायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. जोडायला नाही म्हटलं होतं, आणि ते आजही तसंच आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी मुख्य मुद्दा. तुम्ही कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन आलात तेव्हा तुमचं म्हणणं होतं, ‘काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) मिळत नाहीत, म्हणजे कार्ड कमी पडतंय.’ मशीनमध्ये रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. आम्ही ते आमच्या १०८०पी मॉनिटरला लावलं, कोपऱ्यात आकडे दिसतील असं सॉफ्टवेअर चालू केलं आणि तुम्हालाच खेळायला बसवलं. फ्रेम ११५ ते १२०. पाच-सहा जण एका जागी भिडले की ८० च्या आसपास. आणि या सगळ्या वेळात ग्राफिक्स कार्डचा वापर ५५ ते ६० टक्के. जे कार्ड निम्मं रिकामं बसलंय, ते कमी कसं पडेल?

त्यावर तुम्ही टास्क मॅनेजर उघडून दाखवलात, की प्रोसेसरही ४५ टक्केच वापरात आहे. हा मुद्दा रिव्ह्यूतही आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे भलेभले फसतात. तुमच्या प्रोसेसरला ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). ४५ टक्के ही त्या बाराची मिळून सरासरी. गेमचं मुख्य काम मात्र एखाद्-दोन थ्रेडवरच चालतं, आणि ते दोन काठोकाठ भरलेले होते. बाकीचे दहा मोकळे असले तरी ते काम त्यांना वाटून देता येत नाही. १४४ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमचा हिशेब प्रोसेसरने साधारण ७ मिलिसेकंदांत उरकायला हवा. तुमच्याकडे त्याला साडेआठच्या आसपास लागत होते. साडेआठ म्हणजे सेकंदाला ११७-११८ फ्रेम, स्क्रीनवर दिसत होत्या तेवढ्याच. पुढे कार्ड १६६० असो की ४०७०, हिशेब हातात पडेपर्यंत ते थांबून राहणार.

‘मग कार्ड लावूनच दाखवा,’ असं तुम्ही म्हणालात. सीलबंद डबा फोडला की तो पुढच्या गिऱ्हाईकाला नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून ते केलं नाही. पण त्याहून साधी परीक्षा तुमच्यासमोर केली, तिचा मात्र रिव्ह्यूत उल्लेख नाही. गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणलं, बाकी सेटिंगही सगळ्यात खाली. कार्डाचं काम एका फटक्यात निम्म्याहून कमी झालं. कार्ड अडवत असतं तर फ्रेम उसळायला हव्या होत्या. त्या ११५ ते १२० च राहिल्या. ही परीक्षा घरी कुणालाही फुकटात करता येते: रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम वाढल्या तर कार्ड बदला, ढिम्म हलल्या नाहीत तर प्रोसेसर आणि रॅमकडे बघा. मशीनचा कोणता भाग अडवतोय ते सांगणारे ऑनलाइन ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ १८ टक्के, २३ टक्के असं काहीबाही सांगतात, त्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त खरं बोलतात. तुम्ही कुठला गेम खेळता आणि कुठल्या सेटिंगवर, हे त्या कॅल्क्युलेटरला कुठून कळणार?

अशा मशीनमध्ये ४०७० बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मावसभावाकडे तेच कार्ड आहे आणि त्याला २०० च्या वर फ्रेम मिळतात, असं तुम्ही लिहिलंय. मिळत असतील, शंका नाही. पण त्याचा प्रोसेसर कोणता, हे विचारलंत का? काउंटरवर विचारलं तेव्हा तुम्हाला ते माहीत नव्हतं. दोघांच्या कार्डाची तुलना करायची तर बाकीचं मशीनही मांडायला हवं.

एक मात्र मान्य. तुम्ही अधूनमधून सायबरपंक २०७७ खेळता, तिथे गणित उलटं आहे. तिथे तुमच्या १६६० सुपरची दमछाक होते, वापर ९८-९९ टक्क्यांवर जातो आणि त्याला रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब) झेपत नाही. ‘मी फक्त हाच गेम खेळतो आणि पुढच्या महिन्यात १४४०पी मॉनिटर घेतोय,’ असं तुम्ही म्हणाला असता तर आम्हीच ४०७० काढून दिलं असतं. १२ जीबी मेमरीचं चांगलं कार्ड आहे ते. जसं रिझोल्यूशन वाढतं तसा भार कार्डावर सरकतो; प्रोसेसरला १०८०पी काय नि १४४०पी काय, हिशेब जवळपास तेवढाच. पण तुम्ही स्वतःच सांगितलंत की रोज रात्री मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट. सल्ला रोजच्या खेळावरून द्यायचा की अधूनमधूनच्या?

डीएलएसएसचं तुम्हाला कुणी सांगितलं नाही, असंही लिहिलंय. डीएलएसएस चित्र लहान आकारात काढून मोठं करतं, म्हणजे कार्डाचा भार हलका करतं. जिथे कार्ड आधीच निवांत आहे तिथे त्याचा उपयोग काय? ४० मालिकेतल्या कार्डांत फ्रेम जनरेशनही आहे, ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालतं. कोपऱ्यातला आकडा वाढतो, पण माउस हलवल्यावर निशाणा जितक्या चपळाईने हलायला हवा तितका हलत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये आकडा बघायचाय की निशाणा लागायला हवाय, हे तुम्ही ठरवा.

आता ‘शिळ्या’ प्रोसेसरबद्दल. रायझन ५ ५६०० हा २०२२ चा, बरोबर. तुमचा १६०० हा २०१७ चा. आम्ही ५६०० सुचवला कारण तो तुमच्याच एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. याहून नवा घ्यायचा तर एएम५, म्हणजे नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही, कारण एएम५ वर डीडीआर४ चालतच नाही. तेवढा खर्च तुमच्या मनात नव्हता. शिवाय १६०० मध्ये कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). एका गटाला दुसऱ्याकडचं काही लागलं की हेलपाटा पडतो, आणि गेमला तो जाणवतो. ५६०० मध्ये सगळे कोअर एका गटात आणि ३२ एमबी कॅश सामाईक. कोअर तेवढेच सहा, पण गेममध्ये दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. वॉटही तेवढेच, ६५.

अजून एक कारण तुम्हाला सांगितलं होतं, ते बहुतेक घाईत राहून गेलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझन ५ १६०० नाही. ५६०० आहे. म्हणजे आज ना उद्या हा प्रोसेसर बदलावा लागणारच होता. फक्त जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बोर्डाचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यायचा, मग नवा बसवायचा. उलट केलं तर बहुतेक बोर्डांवर पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते आणि माणूस समजतो प्रोसेसर खराब निघाला. हे काम आम्ही प्रोसेसरसोबतच करून देतो, वेगळे पैसे लागत नाहीत.

आणि हो, ‘महाग माल गळ्यात मारतात’ आणि ‘स्वस्तातला प्रोसेसर गळ्यात मारतात’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या एकाच रिव्ह्यूत आहेत. ४०७० ची किंमत ५६०० च्या कित्येक पट. आम्हाला गल्लाच भरायचा असता तर मान डोलावून कार्ड बांधून दिलं असतं.

एसएमपीएसचं सांगतो, कारण इथे आमचा हट्ट आहे आणि तो सुटणार नाही. तुमच्याकडचा एसएमपीएस ४५० वॉटचा असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाजूचा स्टिकर तुम्हाला फिरवून दाखवला होता: १२ व्होल्टच्या रांगेत २५ अँपिअर. १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. वरच्या ४५० मधला उरलेला आकडा ज्या रांगांचा आहे त्यांना आजच्या मशीनमध्ये फारसं काम नसतं. ४०७० एकटं २०० वॉटचं, प्रोसेसर ६५, त्यावर बोर्ड, पंखे, डिस्क. शिवाय कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या वर उसळी मारतं, ती वेगळीच. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते. तुमच्यावर ते चाललंही असतं, काही दिवस. मग ऐन सामन्यात मशीन बंद, आणि ‘दुकानाने खराब कार्ड दिलं’ असा दुसरा रिव्ह्यू. एसएमपीएसवरचं ‘८० प्लस’ बघून निर्धास्त होऊ नका. ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल किती टिकाऊ आहे ते नाही. प्रोसेसर एकटा बदलणार असाल तर आत्ताचा एसएमपीएस चालेल, हेही तेव्हाच सांगितलं होतं. नवा घ्या म्हटलं ते कार्ड घेणार असाल तरच.

प्रश्नांबद्दल: हो, विचारतो, पुढेही विचारणार. बोर्ड कोणता, मॉनिटर केवढा, कॅबिनेटमध्ये आत जागा किती (तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिलिमीटरपेक्षा लांब असतात). बोर्डाचा प्रश्न तर फार कामाचा. आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं कार्ड स्लॉटच्या चारच लेन (माहिती ये-जा करायचे रस्ते) वापरतं. पीसीआयई ४.० च्या (स्लॉटच्या जास्त वेगवान पिढीच्या) बोर्डावर ते निभावून जातं, तुमच्या बी४५० सारख्या ३.० च्या बोर्डावर मार खातं. तेच कार्ड, तोच गेम, बोर्डामुळे फरक. न विचारता विकलं तर तो फरक गिऱ्हाईकाला घरी जाऊन कळतो.

राहता राहिली रॅम. तुमची रॅम ३२०० ची, पण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद असल्यामुळे २१३३ वर चालत होती. पहिल्या पिढीच्या रायझनला ३२०० सहसा झेपत नाही, म्हणून २९३३ वर लावून दिली. खालचे ८० चे झटके त्यानेच थोडे कमी झाले, हे जाताना तुम्ही स्वतः पाहिलंत. त्याचे पैसे घेतले नाहीत.

कार्डच हवं असेल तर अजूनही या, बिल करून डबा हातात देऊ. प्रोसेसर घ्यायचा असेल तर कॅबिनेट घेऊन या, बायोस अपडेट करून, बसवून, त्याच गेममध्ये आधीचे आणि नंतरचे आकडे तुमच्यासमोर दाखवू. तोवर घरी एक बघून ठेवा: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) १४४ निवडलेला आहे की अजून ६० वरच आहे. ६० वर असेल तर तिथे १४४ निवडा, आणि यादीत १४४ दिसतच नसेल तर मॉनिटर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडून बघा.