तासगावच्या सरांना उत्तर: भूक, ताबा आणि माझं ऑपरेशन

सर, नमस्कार.

माझ्या गॅस्ट्रिक बायपासच्या, म्हणजे वजन कमी करण्यासाठी केलेल्या जठराच्या ऑपरेशनच्या लेखावर तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही निवृत्त क्रीडाशिक्षक. पहाटे चालून आणि रात्रीचं जेवण सोडून तुम्ही दहा किलो उतरवलेत. ज्याचा जिभेवर ताबा नाही तोच पोट कापून घेतो आणि ऑपरेशन ही पैसेवाल्यांची पळवाट आहे, असं तुमचं मत. आणि माझा लेख वाचल्यापासून तुमची भाची घरात ऑपरेशनचा विषय काढायला लागली आहे, त्याचा दोष माझ्याकडे.

भाचीचा उल्लेख नसता तर मी आभार मानून थांबले असते. पण जिभेवर ताबा नसल्याचं हे वाक्य ती घरात रोज ऐकत असणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताब्याबद्दल. माझी उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ११८ किलो होतं, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४७. तेव्हाही मी सांगलीच्या आमराईत चालायला जात होते, हरिपूर रस्त्याने संगमापर्यंत जाऊन येत होते. चहातली साखर बंद, भात बंद, पुढे दोन वेळांच्या जेवणाखेरीज तोंडात काही नाही, हे सगळं केलं. वजन उतरायचंही. दहा-बारा किलो जायचे, नातेवाईक कौतुक करायचे, आणि मग भूक सुरू व्हायची. जेवण होऊन तास झालेला असायचा आणि हात थरथरायचे. बँकेत काउंटरवर बसून समोरच्या माणसाचं बोलणं कानात शिरायचं नाही, डोक्यात फक्त अन्न. महिनोन्‌महिने मी त्या भुकेशी झगडले. वर्षभरात गेलेलं वजन परत यायचं, वर दोन किलो घेऊन.

ह्यामागे शरीराचं कारण आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मोजून दाखवलं. पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं, वजन उतरलं, आणि वर्षभराने पुन्हा तपासलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक तेव्हाही चढलेलं होतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं उतरलेली होती, आणि ती माणसं आधीपेक्षा जास्त भुकेली होती. जत-आटपाडीकडचा शेतकरी एक दुष्काळ भोगल्यावर कणगीतलं धान्य मोजून काढतो, तसं वजन घटलेलं शरीर खर्च आखडतं आणि मागणी वाढवतं. तुमचे दहा किलो गेले आणि गेलेलेच राहिले, ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुम्हाला शुगर नव्हती, बीएमआय ४७ नव्हता. तुमच्या शरीराने तुम्हाला साथ दिली.

माझ्या आईला ती मिळाली नाही. तिची शुगर किडनीपर्यंत पोचली, मिरजेला डायलिसिसच्या फेऱ्या झाल्या, आणि ती साठीही न गाठता गेली. शेवटपर्यंत म्हणायची, माझंच चुकलं, मला तोंड आवरता आलं नाही. त्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाल्लं होतं. म्हणून ताब्याची भाषा मला सहन होत नाही, सर. ही भाषा ऐकत ऐकत माणसं डॉक्टरकडे जायचंच टाळतात आणि तोवर डोळे, पाय, किडनी हातचे जातात.

आता ऑपरेशनने काय झालं ते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिथून जात नाही. हे दुर्बिणीतून होतं. पोट लहान झाल्याने कमी खाल्लं जातं हे खरं, पण तेवढंच नाही. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्याने जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त स्रवतात, भूक शमते, आणि शुगर तर वजन हलायच्या आधीच उतरायला लागते. माझं इन्सुलिन हॉस्पिटलमधून घरी येण्याआधीच बंद झालं होतं.

आणि भूक. काही महिन्यांनी आत्तेभावाच्या लग्नात पंगतीला बसले होते. ताटात जिलेबी होती, मसालेभात होता. चार घास खाल्ले आणि पुरे वाटलं. स्वतःला आवरावं लागलं नाही. शेजारी माझी सडपातळ जाऊबाई होती, तिनेही तितक्याच सहज ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं मी तिच्या निग्रहाचं कौतुक करत आले होते. तिला निग्रह करावाच लागत नव्हता.

पळवाट म्हणालात. आधी काही आठवडे नुसतं पातळ, मग वाटून घेतलेलं, मग मऊ. आजही प्रत्येक घास चावून चावून खायचा, जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि आमच्या शाकाहारी घरात ते रोजचं गणित आहे: पनीर, दही, सोयाबीन, मुगाची धिरडी. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ह्यांच्या गोळ्या आयुष्यभर, दरवर्षी रक्ताच्या तपासण्या. चौथ्या महिन्यात केस पुंजक्याने गळले, पुढे परत आले. ऊसाच्या जिल्ह्यात राहून मला रस चालत नाही. अर्धा ग्लास जरी घेतला तरी छाती धडधडते, घाम फुटतो, आडवं व्हावं लागतं. गुडघा दुखला तरी नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या घेता येत नाहीत, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. जोडातून गळती, रक्ताची गुठळी, पित्ताशयात खडे हे धोकेही आहेत, आणि डॉक्टरांनी मला ते सहीच्या आधी सांगितले होते.

पैशांचं म्हणाल, तर विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असा आजार असेल, आणि साधे उपाय करून झालेले असतील, तर हे ऑपरेशन आरोग्य विम्यात बसू शकतं. माझं बसलं.

आज माझं वजन ७९ आहे. बीएमआयच्या तक्त्यात मी अजूनही लठ्ठच आहे, आणि त्याची मला खंत नाही. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.२ वरून ५.९ वर आलं. रात्री नाकाला लावायचं श्वासाचं मशीन परत केलं. बीपीची एक गोळी राहिली आहे. दंडोबाचा डोंगर चढून देवळापर्यंत गेले. सगळ्यांचं असंच होतं असं मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या १५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या (जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं जठर ठेवण्याच्या ऑपरेशनच्या) गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांवरच्या गटात ५ टक्के होते. म्हणजे ऑपरेशन होऊनही बहुतेकांची शुगर त्या पातळीला आली नाही. तरीही ५ आणि २९ मध्ये माझ्या आईसारखी कितीतरी माणसं बसतात.

आता तुमची भाची. तिचं वजन, शुगर, बीपी काहीच तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून तिने करावं की करू नये हे मी सांगणार नाही. लग्नाआधी दहा किलो कमी करायचे एवढाच हेतू असेल, तर मी तुमच्याच बाजूची आहे, ऑपरेशन नको. पण २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे बीएमआय ३५ च्या वर असेल, किंवा ३० च्या वर आणि सोबत मधुमेह असेल, तर हा उपचार सुचवावा असं आहे. आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ वर धरली आहे. सर्जनला विचारायचं: बायपास का, स्लीव्ह का? अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ किती वर्षं सोबत असतील? भूक आणि वजन कमी करणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं आता भारतात मिळतात, ती आधी करून बघण्यासारखी आहेत का? आणि मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर साधारण दीड वर्ष थांबावं लागतं, हे तिला आणि सासरच्यांना आधीच माहीत हवं.

तिच्यासोबत तुम्ही जा, सर. तुमचे प्रश्न तुम्हीच डॉक्टरांना विचारा. आणि तिचं ठरलंच, तर तुमची गरज तेव्हा खरी लागेल. वजन झपाट्याने उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते टिकवायला व्यायाम लागतो आणि तो नेटाने करून घेणारं माणूस लागतं. पहिले काही आठवडे जड उचलायचं नसतं. चालणं मात्र दुसऱ्याच दिवसापासून सुरू होतं.