उदोन थानीतला वरबाप

थायलंडमध्ये लग्न करणाऱ्या गोऱ्याचं मांडवात स्वतःचं असं कुणी नसतं. आई मँचेस्टरला, भाऊ ऑस्ट्रेलियात, आणि पहिली बायको... ते जाऊ दे. पण वरपक्षातर्फे बोलणी करायला एक वडीलधारा लागतोच. त्याला थाओ-के म्हणतात. तो चारचौघांत मान असलेला हवा आणि त्याचा संसार टिकलेला हवा. बँकॉकमध्ये आमच्या इमारतीत राहणाऱ्या इंग्रजाने ओळखीचे सगळे गोरे चाळून पाहिले, ते दुसऱ्या अटीवरच गळाले. उरलो मी, सांगलीचा. वयाने त्याच्याहून चांगलाच धाकटा, पण टक्कल कामी आलं.

"तुम्हा लोकांना लग्नांची सवय असते," तो म्हणाला. होती ना. पण वरपक्षात बसून घ्यायची सवय. थायलंडमध्ये वरपक्ष देतो. मुलीच्या आईबापांना द्यायची ती रक्कम म्हणजे सिनसॉत, आणि तिचा उल्लेख तिथल्या दिवाणी कायद्याच्या 1437 व्या कलमात आहे.

बैठक नवरीच्या गावी, उदोन थानीजवळ, चटईवर. मांडी घालून बसलो तर नवरी हळूच म्हणाली, पाय एका अंगाला दुमडा. म्हणजे आमच्याकडे आत्या-मावश्या हळदीला बसतात तसं. मी जमवलं. इंग्रज सहा फूट दोन इंच. तळवे कुणाच्या दिशेने करायचे नाहीत हा नियम, आणि चारी दिशांना नातेवाईक. त्याने शेवटी पायांवर उशी घेतली.

विहीणबाईंनी आकडा सांगितला. तीन लाख बाथ आणि पाच बाथ सोनं. तीन लाखांना इंग्रज दचकला, पण पाच बाथला उदारपणे मान डोलावली. तिथे सोनंही बाथमध्येच मोजतात आणि एक बाथ म्हणजे 15 ग्रॅमहून थोडं जास्त, हे कळल्यावर मान थांबली.

मी मंडईतलं सगळं कसब पणाला लावलं. मुलगा पेन्शनीत निघालाय, गुडघे दुखतात, परदेशी असल्यामुळे जमीन त्याच्या नावावर होणार नाही, जे करेल ते तुमच्या मुलीच्याच नावावर. विहीणबाई ऐकत होत्या. मग शांतपणे त्यांनी विचारलं, "तुम्ही तुमच्या बायकोसाठी किती दिले होते?"

मी खरं ते सांगितलं. काही नाही. उलट सासऱ्यांनी अंगठी दिली, सूट शिवला, जेवणावळ घातली आणि आमच्या आत्याच्या मानाच्या साडीचा रंग चुकला म्हणून माफीही मागितली. नवरीने भाषांतर केलं. चटईवर शांतता पसरली. कोपऱ्यातल्या आजीबाईंनी तोंडातला विडा एका गालात सारला. "म्हणजे मुलगीही त्यांनीच द्यायची आणि पैसेही त्यांनीच?" सगळ्या जणी माझ्या बायकोकडे कळवळून पाहू लागल्या. एकीने तिच्यापुढे आंबे ठेवले. बायकोला ही प्रथा एकदम पटली. "व्याजासकट सांग त्यांना," ती मराठीत पुटपुटली. त्यानंतर घासाघीस करायला मला तोंड उरलं नाही. तीन लाख कायम.

लग्नाच्या सकाळी खान माकची, म्हणजे वराकडची तबकं वधूच्या घरी नेण्याची मिरवणूक. तबकात सुपारी आणि विड्याची पानं पाहून मला घरी आल्यासारखं झालं. पुढे लांब ढोल, मागे केळीचे खांब आणि ऊस. वधूच्या दारात तिच्या बहिणी सोन्याची साखळी आडवी धरून उभ्या. पाकीट दिल्याशिवाय वाट नाही. पुढे आणखी साखळी, आणखी पाकीट. आमच्याकडे करवल्या बूट लपवतात, मेहुणा कान पिळतो, पण ते एकदाच. इथे टोलनाके. वरबाप या नात्याने सुटे पैसे माझ्याच खिशातून जात होते आणि ते अजून यायचे आहेत.

मग तीन लाखांच्या नोटा सगळ्यांसमोर कापडावर मांडल्या, मोजल्या, त्यांवर तीळ-तांदूळ आणि फुलं उधळली. विहीणबाईंनी त्याचं गाठोडं खांद्यावर मारलं आणि ओझ्याने वाकल्याचं नाटक करत, कण्हत आत गेल्या. टाळ्या पडल्या. आजीबाईंनी आमच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, बायकोला जरा जास्तच.

एवढं होऊनही कायद्याने लग्न झालेलं नसतं. वकिलातीतून 'मी लग्नाला मोकळा आहे' असा कागद, त्याचं थाई भाषांतर, त्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का, आणि मग जिल्हा कचेरीत नोंद. तेव्हा कुठे नवरा.

आणि नवऱ्याला देशात राहायचं तर बँकेत चार लाख बाथ दोन महिने आधीपासून पडून हवेत. इंग्रज माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर. वाचवलं विहीणबाईंनीच. सिनसॉत पुष्कळदा मांडून दाखवण्यापुरताच असतो. त्यांनी तीन लाख परत केले, सोनं ठेवलं.

परवान्याच्या अर्जाला घराचा नकाशा लागतो आणि नवराबायकोचे फोटो. नकाशा मी काढला. अधिकारी फोटो चाळत होता, एका फोटोवर त्याचं बोट थांबलं.

"हे कोण?"

"सासरे," नवरी म्हणाली.

त्याने इंग्रजाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पासपोर्टावर 'विचाराधीन' असा शिक्का मारला.