बॉनेट न उघडता "पंप गेलाय" म्हणणाऱ्यांनो

"कस्टमर रिक्वेस्ट." जॉब कार्डावर हे लिहिलंय. सस्पेन्शन पंप बदलणे, कस्टमर रिक्वेस्ट. अरे मर्दा, मी कधी म्हटलं पंप बदला? मी म्हटलं बटण दाबलं तरी गाडी वर उठत नाही, का उठत नाही ते बघा. एवढंच. आणि हे लिहून वर माझी सही घ्यायला टॅब पुढं करतंय, बोटानं करा म्हणे सर इथं.

काल सकाळी हायवेच्या कडेच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. नाव लिहीत नाही, नावानं काही फरक पडत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. गाडी म्हणजे आमची जुनी जपानी फोर बाय फोर, हायड्रॉलिक सस्पेन्शनवाली, म्हणजे पंप ऑइल ढकलतो आणि गाडी चाकांवर उंच होते, जी आता म्हशीसारखी फतकल मारून बसलीय, बटण दाबलं तरी हलत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुक करत राहतो. गेटातनं आत येतेय तोवर ॲडव्हायजर पोरगं लांबनंच बघून म्हणतंय, "सर, पंप." बॉनेट बंद. इंजिन चालू. मी अजून सीटबेल्ट सोडला नाही आणि निकाल लागला.

मी म्हटलं बाबा, उघडून तरी बघ. तर उघडायच्या ऐवजी स्कॅनर आणला. लावला. इंजिन आलं, गिअरबॉक्स आला, एबीएस आला, आणि सस्पेन्शनच्या पुढं आलं "नो कम्युनिकेशन". म्हणजे ते मशीन स्वतः सांगतंय की मला हिच्या सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरशी बोलता येत नाही, कारण ते नव्या गाड्यांचं मशीन आणि आमची गाडी वीस वर्षांची. आणि हा पोरगा माझ्याकडं वळून काय म्हणतो? "बघा सर, कन्फर्म झालं. पंप डेड."

उद्या माझा फोन लागला नाही तर माझं तेरावं घालणार का रे तू?

या जुन्या जपानी गाड्यांत डायग्नोसिसच्या सॉकेटमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या की तोच दिवा लुकलुकून कोड सांगतो, मोजायचं आणि मॅन्युअलात बघायचं, वायरीचा तुकडा लागतो बस. हे मी सांगितलं तर म्हणाला, "सर आम्ही जुगाड करत नाही." जुगाड! कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलात छापलेली पद्धत ती जुगाड, आणि बंद मशीनच्या स्क्रीनवरनं पावणेतीन लाखाचा पंप ठरवायचा ते टेक्नॉलॉजी. हो, पावणेतीन लाख. जीएसटी वेगळा, लेबर वेगळं, ऑइल वेगळं, पैसे आधी, पार्ट बाहेरनं यायला दीड-दोन महिने, आणि इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही. मी विचारलं, आणि नवा पंप टाकून पण नाही उठली तर? "मग पुढचं बघू सर. ईसीयू असू शकतो." ईसीयू म्हणजे सस्पेन्शनचा कॉम्प्युटर. वा रे वा. म्हणजे माझ्या पैशानं तुमचं शिक्षण.

आवाज चढला माझा. मान्य. कस्टमर लाउंजमधली माणसं काचेला नाक लावून बघायला लागली आणि कुणीतरी माझ्यापुढं पाण्याची बाटली ठेवली. घरी आलो तर डोकं ठणकत होतं म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी काही न बोलता पहिल्यांदा पट्टा गुंडाळून प्रेशर मोजलं. बघा, याला म्हणतात तपासणी! आकडा इथं सांगत नाही, पण बायको म्हणाली, गाडीचं राहू दे, आधी तुमचा पंप दाखवा कुणाला तरी.

आता मला सांगा, पंप गेलाय का नाही हे बघायला अशी कुठली मोठी विद्या लागते? आधी कान लावा. इंजिन चालू, उंचीचं बटण वर, आणि चेसिसपाशी कुईंऽऽ आवाज येतो का ऐका. आला तर मोटर फिरतीय, मग सस्पेन्शनच्या टाकीतलं ऑइल कमी आहे का, आतली जाळी तुंबलीय का, लाइनीत हवा शिरलीय का, एखादा व्हॉल्व्ह आतल्या आत प्रेशर सोडून देतोय का, हे बघा. आवाजच नाही तर फ्यूज, रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच), वायर, अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी). आणि आवाज येऊन थोड्या वेळात बंद पडला तर तो कॉम्प्युटरनं बंद केलेला असतो, ठरलेल्या वेळात गाडी उठली नाही तर मोटर जळू नये म्हणून, त्याला पंप मेला म्हणत नाहीत. वर चाकापाशी तो हाइट सेन्सर आणि त्याची वीतभर दांडी, आमच्या रस्त्यांचा चिखल खाऊन तिचे सांधे जाम होतात, मग कॉम्प्युटरला वाटतं गाडी आधीच वर आहे, तो बिचारा पंप फिरवेल कशाला? आणि सगळ्यात शेवटी प्रेशर गेज लावून बघा की पंप किती दाब देतोय. शेवटी! मग म्हणा पंप गेलाय, मी स्वतः पैसे मोजतो.

यातलं एक, फक्त एक, कुणी करून बघितलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

आणि हे कुठं होतंय तर कोल्हापुरात. ज्या गावात ऑइल इंजिनं बनली, शिवाजी उद्यमनगरात बोळाबोळातनं लेथ चालतात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्या रात्रभर पेटलेल्या असतात, त्या गावात एका पाइपला एक गेज लावायला माणूस मिळेना. आमच्या कागलच्या मामांच्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेना झाली तर मामा आधी ऑइल बघतात, मग फिल्टर, आणि मग पंपाकडं बोट दाखवतात. मामा सातवी शिकलेत आणि त्यांच्याकडं टॅब नाही.

फ्रेंचांनी १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस रस्त्यावर आणली, स्प्रिंगांऐवजी ऑइलवर आणि नायट्रोजन भरलेल्या धातूच्या गोळ्यांवर तोललेली गाडी, इंजिन चालू केलं की उठून उभी राहायची. सत्तर वर्षं झाली हो. तेव्हाचे फिटर काय बॉनेट बंद ठेवून दुरुस्त करत होते?

नायट्रोजनवरनं आठवलं, दुसरा एक महाभाग भेटलेला गेल्या साली. गाडी दणके देतेय म्हटल्यावर तो पण म्हणाला पंप! अरे आमच्या गाडीत पण तसलेच गोळे, त्यातला गॅस संपला की गाडी दगडासारखी होते पण उठते, आणि पंप गेला की उठतच नाही, ही दोन दुखणी वेगळी आहेत. गाडी वर असताना टाकीतली लेव्हल बघायची, खाली घ्यायची, परत बघायची. गोळ्यात गॅस असेल तर खाली येताना तो ऑइल मागं ढकलतो आणि टाकी चांगली भरते, फरक अगदीच थोडा पडला तर गोळे गेले. मी दिवाळीत मार्करनं खुणा करून ठेवल्यात टाकीवर, फरक चांगला आहे, गोळे शाबूत आहेत. त्या महाभागानं खुणा बघितल्या आणि म्हणाला, "हे पोरानं रंगवलं व्हय?"

आणि तो एक ऑइलवाला. टाकी कमी दिसली म्हणून गिअरबॉक्सचं लाल ऑइल ओतायला निघालेला, "सगळं सारखंच असतंय साहेब". हात धरला म्हणून वाचलो, नाहीतर या सस्पेन्शनला त्याचं स्वतःचं ऑइल लागतं आणि दुसरं घातलं की आतल्या सिलांची वाट लागते. वॉशिंग सेंटरवाले तर वेगळीच जमात, पाण्याचा फवारा थेट कनेक्टरवर, जणू काय वायरीला पण आंघोळ घालायची आहे. आणि ते पोरगं, ज्यानं जॅकवर गाडी चढवली, घोडी (गाडीखालचा लोखंडी टेकू) लावली नाही, आणि हातात पाना घेऊन मुंडी खाली घालून ब्लीडिंगचा, म्हणजे ऑइल सोडायचा, निपल सैल करायला निघालेला. अरे लेका, प्रेशर सुटलं की गाडी खाली येते, दोन-अडीच टनाची! ओरडून बाहेर काढला तर त्यालाच राग आला.

सगळ्यात डोक्यात जाणारी जमात म्हणजे सल्ले देणारे. "काढून टाक की ते हायड्रॉलिक, साधे शॉकअप आणि स्प्रिंगा घाल, विषय कट." लग्नात भेटले तरी हेच, मयतीला भेटले तरी हेच. एकानं तर ट्रकसारखे पाटे घाल म्हटलं. पाटे! उद्या ऊस भरायला सांगेल. मी पन्हाळ्याच्या घाटात, गगनबावड्याच्या पावसात या गाडीत बसलोय, तिचं चालणं मला माहीत आहे. तुझं गुडघं दुखतं म्हणून पाय काढून लाकडाचा बसव, सांगू का तुला?

असो. तर काल ती तशीच बसलेली गाडी घेऊन परत आलो, आणि हायवेवरनं आत आल्यावर प्रत्येक स्पीडब्रेकरला खालनं खर्रर्र. त्यातले निम्मे पट्टा न मारलेले, कुणी टाकले कशाला टाकले देवाला ठाऊक. तावडे हॉटेलपासनं घरापर्यंत मी कुणाकुणाची आई-बहीण काढली ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी शेजारच्या पोराला सीटवर बसवलं, म्हटलं मी सांगेन तेव्हा बटण दाब, आणि मल्टीमीटर घेऊन खाली घुसलो (घोडी लावून). रिले टिक करते. बॅटरीवर १२.५ व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर, मोटर जोर लावायला लागली की, ८ च्या आसपास. चार व्होल्ट गेले कुठं? मीटरची एक सुई मोटरच्या अर्थवर आणि एक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली तर बहुतेक सगळे तिथंच सापडले. अर्थिंगचा बोल्ट हिरवागार. २०१९ च्या पुरात, शिरोलीपाशी हायवेच पाण्याखाली होता तेव्हा, ही पण दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभी होती, त्याचं बक्षीस.

आज सकाळी त्या ॲडव्हायजरचाच फोन, पंपाची ऑर्डर टाकू का. मी सगळं सांगितलं, अर्थ, व्होल्टेज, बोल्ट. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः वायरिंग उघडलं तर वॉरंटी जाईल."

वॉरंटी. वीस वर्षांच्या गाडीची.

मी फोन ठेवला. पट्टा गुंडाळून घ्यायला परत डॉक्टरकडं जायचं नाही मला. रविवारी बोल्ट काढणार, कानशीनं चकचकीत करणार, नवी जाड अर्थ वायर टाकणार आणि उद्यमनगरातनं कुणाकडनं तरी गेज उसना आणणार. पूर्ण बारा व्होल्ट मिळूनही तो दाब देत नसेल तर मी स्वतः म्हणेन पंप गेलाय, आणि बिल फाडायला त्यांच्याच दारात जाऊन उभा राहीन. तोवर त्या पंपाला कुणी हात लावायचा नाही.