सहा महिन्यांनंतर हाताचा व्यायाम थांबवावा काय?

अर्धांगवायूच्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, जी सुधारणा व्हायची ती सहा महिन्यांतच होते, म्हणून पुढे फिजिओथेरपीवर पैसे न घालवता चांगल्या हाताने कामे करायला शिकावे, असे त्यात म्हटलेले असते. यातले पहिले विधान बहुतांशी खरे आहे. त्यावरून दिलेला सल्ला मात्र रुग्णाचे नुकसान करणारा आहे.

पेशी मेल्या तरी त्यांच्या शेजारचा भाग जिवंत असतो आणि त्याचे पुढे काय होते, ते हाताच्या वापरावर अवलंबून असते. मेंदूसंशोधक रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ साली माकडांवर हेच दाखवले. मेंदूतील हात हलवणाऱ्या भागाला छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांना सराव दिला नाही, त्यांच्यात इजेभोवतीचा हाताचा शाबूत भागही आक्रसला; ज्यांच्याकडून बोटांची कामे करून घेतली, त्यांच्यात तो टिकला आणि काहींमध्ये मेंदूतील कोपर-खांदा हलवणाऱ्या भागात पसरला.

सहा महिन्यांची मुदत कुठून आली, हे समजण्यासारखे आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते आणि मग वेग मंदावतो. पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत चांगला हात दिवसातला बहुतेक वेळ हातमोज्यात अडकवून अधू हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घेतले गेले; २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा हात अधिक सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता.

आता चांगल्या हाताचा सल्ला. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांच्या प्रयोगांत एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडलेल्या माकडांनी तो हात वापरणेच सोडले, पण दुसरा हात बांधून ठेवताच ती अधू हाताने काम करू लागली. म्हणजे हालचालीची क्षमता होती, सवय मोडली होती. रोजची सगळी कामे चांगल्या हातावर सोपवायला सांगणारा हा संदेश नेमकी अधू हात न वापरण्याचीच सवय रुग्णाला लावतो.

वरच्या चाचणीत मनगट आणि बोटे थोडी तरी उघडू शकणारे रुग्णच घेतले होते, हे सांगायलाच हवे. ज्यांचा हात अजिबात हलत नाही, त्यांना तसाच गुण येईल, असे तिच्या आधारे म्हणता येत नाही. मात्र सांधे आखडू नयेत आणि खांदा दुखू नये यासाठी त्यांच्याही हाताची काळजी सहा महिन्यांनंतर चालू ठेवावीच लागते.