शेणोलीची गाडी आणि १ जूनचे वाढदिवस

‘एक सातारकर’ यांस,

नमस्कार. आमच्या अकरावीच्या मुलांनी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांच्या आयुष्याच्या हकिकती ऐकून, रेकॉर्ड करून लिहून काढल्या, त्यातल्या पाच मी इथं टाकल्या होत्या. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांनी ‘छान उपक्रम, सर’ म्हणून अंगठे दाखवले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून भांडायला आलेले तुम्ही एकटेच, म्हणून सावकाश उत्तर देतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कडेगाव तालुक्यातल्या आजोबांचं ‘आम्ही शेणोलीला गाडी अडवली’ ही शुद्ध थाप आहे आणि मुलीनं ती जशीच्या तशी उतरवली. पाचांपैकी तिघांचा जन्म १ जूनचा, म्हणजे पोरांनी एकमेकांच्या वह्या बघितल्या. भाषा गावंढळ ठेवून म्हाताऱ्यांची चेष्टा केली. एका आजीच्या घरातली वाटणीची भानगड चव्हाट्यावर आणली. आणि मुळात हे काम अभ्यासकांचं, वीस मार्कांसाठी मोबाईल घेऊन हिंडणाऱ्या पोरांचं नव्हे. ‘माझे वडील अठ्ठ्याऐंशीचे आहेत, असल्या पोरांना ते दारात उभं करणार नाहीत’ हे तुमचं शेवटचं वाक्य.

आधी १ जून, कारण ते सोपं आहे आणि खरं सांगायचं तर ते वाचून मला हसू आलं. तुम्ही वयानं तरुण असणार. अहो, त्या पिढीत जन्मतारीख कुणाला ठाऊक होती? बाप पोराला शाळेत घेऊन जायचा. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि दाखल्यावर तारीख पडायची १ जून. शाळा जूनमध्ये सुरू होणार, हिशोबाला सोपं. सरकारी कचेऱ्यांत ३१ मे ला निवृत्तीच्या हारतुऱ्यांची रांग लागते ती उगाच नव्हे. आणि ज्या आज्या शाळेची पायरीच चढल्या नाहीत, त्यातल्या कितीतरी जणींच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. मुलांनी कार्डावरचं लिहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

खरं वय काढायची रीत वेगळी. वय विचारायचंच नाही. काय झालं तेव्हा तुम्ही केवढे होता ते विचारायचं. एक आजी म्हणाल्या, “धरणीकंपाच्या वक्ताला थोरला माझ्या पोटात व्हता.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. म्हणजे थोरला एक तर त्याच महिन्यातला, नाही तर १९६८ चा. त्याच्या आधी दोन मुली, लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी. असं बोटं मोजत गेलं की आजी आधार कार्डापेक्षा चार वर्षांनी लहान निघाल्या. त्यांना मोठं समाधान वाटलं.

आता शेणोली. ७ जून १९४३ ला पत्री सरकारच्या, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या, तुफान सेनेनं सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी शेणोलीजवळ अडवली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमचे आजोबा दाखल्यावर १९४० चे. दाखला दोन वर्षं इकडंतिकडं धरला तरी तेव्हा ते फार तर पाचेक वर्षांचे. तुमचं गणित बरोबर आहे. ते मुलीनंही केलं होतं. “सर, हे जमत नाही, काढून टाकू का?” असं तिनं मला विचारलं होतं. मी म्हणालो, राहू दे. तिथं माझं चुकलं. काढायचं नव्हतंच, पण लेख टाकण्याआधी तिला परत त्यांच्याकडं धाडायला हवं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर, गेल्या रविवारी धाडलं.

“आजोबा, तुम्ही ती गाडी डोळ्यांनी बघितली व्हय?”

“म्या कुठनं बघणार? म्या शेंबडं पोर. माझा चुलता व्हता तिथं.”

“मग तुम्ही ‘आम्ही’ म्हणाला?”

“मग? चुलता काय परका हाय व्हय?”

आता याला थाप म्हणायचं का? खळ्यावर राखणीला बसल्यावर चुलता दरवर्षी ती गोष्ट सांगायचा, आणि पोरं दरवर्षी ती पुन्हा मागायची. साठ-सत्तर वर्षांत ‘चुलत्यानं’चं ‘आम्ही’ झालं. आपण नाही का म्हणत, ‘पानिपतावर आपण हरलो’? त्या दिवशी आपली हजेरी कुणी मांडली होती? पण तुमच्या टोचण्यानं एक गोष्ट झाली. आता मुलं वहीच्या समासात ‘बघितलं’ किंवा ‘ऐकलं’ असं लिहितात, आणि जिथं कळत नाही तिथं परत जाऊन विचारतात. हे आधीच करायला हवं होतं, कारण प्रत्यक्ष बघितलेली माणसं आता राहिलीत कुठं? क्रांतिसिंहांच्या लेक हौसाताई २०२१ ला गेल्या, ती गाडी अडवणाऱ्यांतले कुंडलचे कॅप्टन भाऊ २०२२ ला. इथून पुढं प्रतिसरकार आपल्यापर्यंत ‘चुलता सांगायचा’ याच वाटेनं यायचं.

त्याच रेकॉर्डिंगमधलं मला जे खरं खटकलं होतं ते तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं, कारण मी ते लेखात घेतलंच नाही. शेणोली झाल्यावर मुलीनं सहज विचारलं, शाळेच्या मागं तो पडका वाडा आहे तो कुणाचा? आजोबा म्हणाले, “व्हता कुणाचा तरी.” मग गप्प. रेकॉर्डिंगमध्ये नुसती गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, बराच वेळ. मग, “च्या टाक गं.” आणि विषय उसाच्या बिलावर जातो.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, आणि पुढच्या काही दिवसांत आपल्या भागात गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे असतील. आठ वर्षांच्या पोराला आग आठवते. जी गाडी बघितली नाही तिच्यावर पंचवीस मिनिटं, आणि जो जाळ बहुतेक बघितला त्यावर तीन शब्द. त्यांच्या घरातलं कुणी त्यात होतं का, की ते नुसते आईच्या पदराआडून बघत होते, की वाड्यातलं पोर त्यांच्या वर्गात होतं, मला माहीत नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं ते उकरावं असं मला वाटत नाही. पण ती तीन शब्दांची ओळ आणि ‘(आजोबा थांबले, घंटा वाजत राहिली)’ हे तिनं वहीत ठेवलंय, आणि मी ते पुसू दिलं नाही. तुम्ही थापेवर बोट ठेवलंत. मला थापेची काळजी नाही, ती पकडता येते.

भाषेचं. इथं मात्र मी तुमचं ऐकणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळं ‘शुद्ध’ करून लिहीत होतो. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर गेलेल्या एक आजी होत्या. मुलानं छापील प्रश्नावली काढून पहिलाच प्रश्न टाकला, “तुमच्या जीवनातील संघर्षाविषयी सांगा.” आजी म्हणाल्या, “कसला संघर्ष? जनावरं पाजायची हायती, बस जरा.” मग त्याच्याबरोबरच्या मुलीनं विचारलं, पाणी कुठनं आणायचा? त्यावर आजी पाऊण तास बोलल्या. लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरी, सुकडीसाठी पोरांची रांग, बाभळीला बांधलेली झोळी, पाटी डोक्यावर घेऊन चढताना पायाखाली सरकणारा मुरूम. एकदा पाटी टाकून परत येईतो झोळीत पोर नव्हतं. शेजारच्या बाईनं उचलून अंगावर पाजायला घेतलं होतं. शेवटी तलावाकडं हात करून म्हणाल्या, “ह्यो तलाव म्या खांदलाय. ह्या हातांनी.” तलावावर खात्याची पाटी आहे, वर्ष आहे. खांदणाऱ्यांतलं एकही नाव नाही.

मुलानं ते वाक्य लिहिलं कसं? “या तलावाच्या निर्मितीत माझे मोलाचे योगदान आहे.” लिहिलेलं आजींना वाचून दाखवायचा आमचा रिवाज आहे, तसं दाखवलं. आजी ऐकत राहिल्या आणि विचारलं, “ही कोण बाई म्हणायची?” त्या दिवसापासून आम्ही ‘व्हतं’चं ‘होतं’ करणं बंद केलं. माझी आई घरी ‘व्हतं’ म्हणते, मी स्टाफरूममध्ये ‘होतं’ म्हणतो; चेष्टा यात कुठं आली? चेष्टा होते ती मालिकेतला गडी ‘व्हय जी’ म्हणतो आणि मालक पुस्तकातलं बोलतो तेव्हा. हां, एक पकड तुमची बरोबर. तिसऱ्या हकिकतीत ‘लई’ जरा जास्तच झालंय. मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, त्यातले दोन ‘लई’ मुलाच्या पदरचे निघाले. काढले.

वाटणीची भानगड हे सरळसरळ माझं चुकलं. आजींनी ते बोलण्याच्या ओघात सांगितलं, मुलीनं लिहिलं, मी वाचलं आणि पुढं ढकललं. गाव आणि नावं गाळली होती, पण विहीर आणि दोन लिंबाची झाडं लिहिल्यावर गावात ओळखायला वेळ लागतो का? भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरलं, पुतण्या आजींच्या दारात आला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली आणि मजकूर काढला. परवानगीचा कागद का घेतला नाही, असं तुम्ही विचारता. घेत होतो. कागद पुढं केला की म्हातारी माणसं हात मागं घेतात. “एकदा अंगठा दिला नि रान गेलं,” असं एक आजोबा तोंडावर म्हणाले. म्हणून आता परवानगी त्यांच्याच आवाजात, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घेतो. आणि लिहून झाल्यावर एक प्रश्न जादा: यातलं काय गावानं ऐकू नये? त्यावर काही आज्या इतक्या मोकळ्या हसतात की अर्धी वही परत मागून घेतात.

राहिला अभ्यासकांचा मुद्दा. अभ्यासकांनी केलंय, आणि काय केलंय! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. पण ते वर्षानुवर्षं बायकांत जाऊन बसले, तेव्हा. आमच्या खेड्यात असं कोण बसायला येणार? मुलं तिथंच राहतात. एका आजींना खुर्चीवर बसून एक ओवी आठवेना. मुलींनी माळ्यावरचं जातं खाली काढलं, मूठभर गहू घातले. खुंट्याला हात लागला आणि ओव्या आपोआप सुटल्या.

मार्कांचं म्हणाल तर मार्क नसते तर पहिल्यांदा कुणी गेलंच नसतं. दुसऱ्यांदा जातात ते मार्कांसाठी नसतं. आणखी एक युक्ती अनुभवानं कळली: स्वतःच्या आजीकडं पाठवायचं नाही. नातवाला वाटतं आपल्याला सगळं ठाऊक आहे, आणि आजी नातवापुढं बरंच झाकते. मैत्रिणीच्या आजीकडं पाठवलं की दोघी बोलतात. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाला आपले आजोबा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला तमिळनाडूत होते एवढंच माहीत होतं. दुसऱ्या पोरापुढं आजोबांनी मूस, भट्टी, ॲसिडच्या धुरानं येणारा खोकला सगळं काढलं, आणि मध्येच फोन आला तेव्हा दहा मिनिटं खडाखडा तमिळ बोलले. नातू दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं आजोबांच्या तोंडून तमिळ आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आता तुमचे वडील. अठ्ठ्याऐंशीचे म्हणजे ते जन्मले तेव्हा कडेगावही सातारा जिल्ह्यातच होतं, दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा, वेगळा झाला तो १९४९ ला. तुम्ही ‘सातारकर’ अशी सही केलीत म्हणून म्हणतो, त्यांना आम्ही परके नसू. शेणोलीची हकिकत लिहिणारी मुलगी यायला तयार आहे, बरोबर मी असेन. जनावरं पाजून झाल्यावर, साडेतीनच्या पुढं येऊ. दारात उभं केलं तरी चालेल. वडिलांना च्या चालतो की बिनसाखरेचा लागतो, तेवढं कळवा.